पद्मिनीचा ॲल्युमिनियम रेडिएटर त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा का फुटतो?

लक्षण असं: जुन्या गाडीत बाजारातून आणलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवला, इंजिन पूर्वीपेक्षा थंड चालायला लागलं, आणि दोन-तीन महिन्यांत खालच्या एका कोपऱ्यातून कूलंट ठिबकायला लागलं. आर्गनवाल्याकडे (ॲल्युमिनियम वेल्ड करणाऱ्याकडे) नेऊन वेल्ड मारून आणलं, काही आठवडे बरे गेले. मग एका सकाळी गाडीखाली पुन्हा हिरवा डाग, आणि चीर जुन्या वेल्डच्या अगदी कडेला.

माझ्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीत हे तीनदा झालं. पहिल्यांदा बेळगावहून चोर्ला घाट उतरताना, दुसऱ्यांदा ऐन पावसात फोंड्याच्या बाजारात, आणि तिसऱ्यांदा घरासमोर उभ्या गाडीत. तिसऱ्या वेळी ज्या मेस्तांकडे, म्हणजे कारागिराकडे गेलो, त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाब, वेल्ड घट आसा. कुशीक पत्रो पिंजता.” वेल्ड शाबूत होता, शेजारचा पत्रा फाटत होता. तोवर मी वेल्डला दोष देत होतो. त्या दिवसापासून ब्रॅकेटकडे बघायला लागलो, आणि खरी गोष्ट तिथेच होती.

ॲल्युमिनियमकडे वळण्याचं कारण बहुतेकांचं सारखंच असतं. मूळ तांब्या-पितळेचा रेडिएटर किती वेळा झाळणार? नळ्यांमधल्या पातळ पाकळ्या बोट लावताच गळून पडतात, नवा कोअर (नळ्या-पाकळ्यांचा मधला भाग) मिळत नाही, आणि रेडिएटर उघडून नीट झाळणारे कारागीर कमी होत चालले आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा सुट्या भागांचा बाजार आणखी आटणार हे उघड आहे. मूळ रेडिएटर वाचण्याजोगा असेल तर तोच वाचवा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तो रस्त्यात कुठेही झाळता येतो आणि ॲल्युमिनियम येत नाही. पण तो गेलाच असेल, तर १०८९ सीसीच्या या इंजिनाला लांबी-रुंदी जुळणारा ॲल्युमिनियम रेडिएटर चांगला चालतो. फक्त त्याचे कान, म्हणजे बोल्टसाठी बाजूला काढलेले पत्रे, गाडीच्या भोकांना जुळत नाहीत, म्हणून ब्रॅकेट बनवावे लागतात. तिथेच चूक होते.

माझी चूक अशी. तीन मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचे चार एल-ब्रॅकेट करून घेतले, चारही कोपऱ्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट घातले आणि जोर लावून आवळले. हातांनी हलवलं तर रेडिएटर भिंतीसारखा पक्का. तेव्हा फार समाधान वाटलं होतं.

आधी चीर बघा

वेल्डरकडे धावण्याआधी रेडिएटर बाहेर काढा, धुवा, वाळवा आणि उजेडात बघा. चीर कुठे आहे यावरून कारण बरंचसं कळतं.

कानाच्या वेल्डच्या कडेने केसासारखी चीर असेल, आणि समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांत (खालचा डावा, वरचा उजवा) असेल, तर रेडिएटरला पीळ बसतोय. नळ्या जिथे टाकीच्या पट्टीत शिरतात त्या रांगेत दोन-तीन ठिकाणी ओल असेल, तर रेडिएटर तापून वाढतोय आणि त्याला वाढायला जागा नाही. पांढरी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसत असतील, तर तो रासायनिक किंवा विजेचा प्रकार आहे, माउंट कितीही छान केलात तरी थांबणार नाही. पाकळ्यांवर गोलाकार ओरखडे असतील तर पंखा लागतोय. आणि होजच्या नळीच्या बुडाशी चीर असेल तर इंजिन होजमधून रेडिएटरला ओढतंय.

माझ्याकडे पहिला प्रकार स्पष्ट होता, दुसऱ्याचीही सुरुवात झाली होती.

पीळ आहे की नाही हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, आणि रेडिएटर जागेवर असतानाच एकेक बोल्ट सावकाश सोडा. शेवटच्या एक-दोन बोल्टांना कान आपोआप बाजूला सरकला, म्हणजे बोल्ट आवळताना तुम्ही रेडिएटरला वाकवून बसवलं होतं. माझ्या गाडीत चौथा बोल्ट सुटताच कान तीनेक मिलिमीटर उडाला. गाडी उभी असतानाही तो कोपरा सतत ओढलेल्या अवस्थेत होता. तिसरी चीर घरासमोर कशी पडली याचं उत्तर मला तिथे मिळालं.

दुसरी चाचणी चालत्या गाडीतल्या पिळाची. रेडिएटर काढल्यावर जी मोकळी चौकट उरते, तिच्या दोन्ही कर्णांचं माप टेपने घ्या. मग पुढचं एक चाक दहा सेंटीमीटर जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर चढवा आणि पुन्हा मोजा. (ठोकळ्याऐवजी जांभ्या दगडाचा चिरा वापरू नका. आपला जांभा भाराखाली कडेने फुटतो आणि गाडी खाली बसते.) हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडसर लावलेला, आणि गाडीखाली कोणी नाही, हे बघूनच चढवा. माझ्याकडे एका कर्णात दोन मिलिमीटरचा फरक पडला.

दोन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पद्मिनीला वेगळी चासी नाही. फियाट ११०० च्या घराण्यातली ही गाडी, तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. तो थोडा पिळणारच, आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत चाळीस वर्षं काढलेला, स्पॉट वेल्डच्या शिवणी गंजाने सैल झालेला सांगाडा जास्त पिळणार. प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घेतला की हा पीळ चार पक्क्या बोल्टांतून थेट रेडिएटरात जातो. लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. त्यातून माझी लोखंडी पट्टी तीन मिलिमीटरची आणि रेडिएटरचा बाजूचा पत्रा तिच्या निम्म्या जाडीचा. कोण वाकणार हे ठरलेलंच.

मग जुना, जड रेडिएटर तसाच बोल्टवर इतकी वर्षं कसा टिकला? पितळ लवचीक, झाळ मऊ, दोघं मिळून थोडं सामावून घेत. शिवाय जुने कान त्या गाडीसाठीच बनवलेले, त्यांत जबरदस्तीचा ताण नव्हता. ॲल्युमिनियमचा स्वभाव वेगळा. पोलादात ताण एका मर्यादेखाली राहिला तर हादरे कितीही बसोत, तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. लहान हादऱ्यांचाही हिशेब साठत जातो. त्यात वेल्डच्या कडेचा पत्रा उष्णतेने नरम पडलेला असतो, म्हणून चीर नेमकी तिथून निघते. दर वेळी वेल्ड मारून आपण नरम पट्टा आणखी रुंद करतो.

तापण्याचाही हिशेब करून बघा. माझ्या रेडिएटरची उंची ३८० मिलिमीटर. पंचवीस अंशांवरून नव्वदवर गेला की ॲल्युमिनियम सुमारे ०.५७ मिलिमीटर वाढतं. भोवतालची लोखंडी चौकट तेवढी तापत नाही, आणि लोखंड मुळातच त्याच्या निम्म्याने वाढतं. म्हणजे गाडी गरम झाली की जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा तंटा, आणि थंड झाली की तो उलट. वर-खाली दोन्हीकडे पक्कं धरलं असेल तर हा तंटा नळ्यांच्या सांध्यात मिटतो.

नवे माउंट

यातून एक ठरलं. रेडिएटरचं सगळं वजन खाली रबरावर बसलं पाहिजे, आणि वरच्या बाजूने त्याला फक्त पडू न देण्यापुरतं धरायचं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांचे रेडिएटर असेच बसतात, खाली रबरात खुंट्या आणि वर दोन रबरी बुश. आवळलेलं काही नाही.

सुरुवात पुठ्ठ्याने करा. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, वाकवून, चिकटपट्टीने जोडून गाडीतच आकार ठरवा, बॉनेट बंद करून बघा, मगच लोखंडाला हात लावा. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला, दोन रविवार, आणि त्यातला एकही तास वाया गेला नाही.

खालच्या बाजूला दोन बैठका केल्या. चौदा गेजचा, म्हणजे दोन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वाकवून इंग्रजी यू अक्षरासारखी खोबण, प्रत्येकी ऐंशी मिलिमीटर लांब. अखंड लांब खोबण करू नका. तिच्यात चिखल आणि पानं साठतात आणि आपल्या पावसात ती कुंडी होते. बैठका खालच्या टाकीच्या दोन टोकांना, बाजूच्या उभ्या पट्ट्या जिथे खाली उतरतात तिथे ठेवा. मधोमध ठेवलात तर टाकीचा पातळ तळ भार घेतो. खोबणीची आतली रुंदी अशी काढा: टाकीची जाडी, अधिक दोन्ही बाजूंच्या रबराची जाडी, आणि त्यातून एक मिलिमीटर वजा. तेवढा दाब रबराला पुरतो. माझी टाकी ५० मिलिमीटरची, रबर सहाचं, म्हणून खोबण ६१ ची. पत्रा वाकवताना आतली गोलाई निदान पत्र्याच्या जाडीएवढी राहू द्या, काटकोनात ठोकून धारदार मोड आणू नका. लोखंडालाही तिथूनच तडा जातो. तळाला भोकं पाडा आणि सगळ्या कडा कानसीने मारून घ्या.

रबर कुठलं? ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर सगळ्यात चांगलं, उष्णता आणि कूलंट दोन्ही सोसतं. त्याचं वैर तेलाशी, तेव्हा इंजिनाचं तेल त्यावर टपकत असेल तर आधी ती गळती बंद करा. सायकलच्या ट्यूबचे तुकडे घड्या घालून वापरणारे पुष्कळ आहेत. चाचणीपुरतं ठीक, पण ट्यूबची घडी सरकते आणि एक दिवस धातूला धातू लागतो. हाताला पेन्सिलच्या खोडरबरापेक्षा किंचित कडक लागेल असं रबर निवडा. फार मऊ घेतलं तर रेडिएटर डोलतो आणि पंख्याला भेटतो.

वरच्या बाजूला दोन पकड. समोरच्या आडव्या पत्र्याला बोल्ट होणारी पट्टी, तिच्या टोकाला रबरी बुश, आणि त्या बुशात रेडिएटरच्या कानातून आलेला आठ मिलिमीटरचा बोल्ट. आता यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा: बुशाच्या आत लोखंडी नळीचा एक छोटा तुकडा घाला, रबराच्या मोकळ्या उंचीपेक्षा एक मिलिमीटर आखूड. लेथवाला पाच मिनिटांत कापून देतो. नट आवळला की तो या नळीवर येऊन थांबतो आणि रबर फक्त एक मिलिमीटर दाबलं जातं. नळी नसेल तर पुढचा कोणीतरी मेकॅनिक, उत्साहाने, पाना लावून रबर चिरडेपर्यंत आवळणार, आणि रेडिएटर पुन्हा जिथल्या तिथे जखडला जाणार. दोन्ही बाजूंना मोठे वॉशर आणि नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट. पट्टीतलं भोक गोल न ठेवता आठ बाय चौदाचं लांबट करा, म्हणजे डावं-उजवं जुळवता येतं. रेडिएटर खाली बैठकीत पूर्ण बसल्यावर वरच्या बुशात वर सरकायला दीड-दोन मिलिमीटर वाव राहिला पाहिजे.

जोडणी करताना चाचणी एकच, ती चुकवू नका. सगळे बोल्ट बोटांनी, पान्याशिवाय आत गेले पाहिजेत. एखाद्या भोकासाठी रेडिएटर ढकलावा लागला किंवा स्क्रूड्रायव्हर घालून ओढावा लागला, तर ते भोक चुकलंय. भोक मोठं करा, रेडिएटर ओढू नका.

लोखंडी ब्रॅकेट गाडीला वेल्ड करायचेच असतील तर आधी रेडिएटर बाहेर, बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सुटे, आणि अल्टरनेटर असेल तर त्याचीही जोडणी सोडलेली. मी वेल्ड केले नाहीत, बोल्टच केले. पुढच्या माणसाला गाडी मूळ रूपात आणायची झाली तर काही कापावं लागू नये, असं मला वाटतं. रंगाआधी झिंक प्रायमर, त्यावर इपॉक्सी. नुसता काळा स्प्रे मारलेले माझे जुने ब्रॅकेट एका पावसाळ्यात तपकिरी झाले होते.

रेडिएटरच्या जुन्या चिरा शेवटच्या एकदा वेल्ड कराव्या लागतातच. आर्गनवाल्याला दोन गोष्टी सांगा. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून मग वेल्ड, नाहीतर चीर वेल्डखालून पुढे सरकते. आणि कोअरजवळ उष्णता नको. नळ्या-पाकळ्यांचे सांधे ज्या मिश्रधातूने जोडलेले असतात तो ५८० अंशांच्या आसपास वितळतो, ॲल्युमिनियमच्या बराच आधी. एक कान वाचवताना शेजारच्या चार नळ्या सुटल्याचं मी पाहिलंय. कोअरवर ओलं फडकं ठेवून, थांबत थांबत काम करणारा माणूस शोधा.

विजेचा भाग

ज्यांच्याकडे पांढरी भुकटी आणि खड्डे आहेत त्यांनी आधी हे करावं. साधा मल्टिमीटर घ्या, काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल तार रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवा. धातूला लागू देऊ नका. झाकण अर्थातच इंजिन थंड असताना उघडायचं. इंजिन बंद असताना बघा, मग चालू करून दिवे, पंखा, हॉर्न एकेक लावून बघा, आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगून बघा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर कुठेतरी अर्थिंग खराब आहे आणि वीज कूलंटमधून वाट काढतेय. ॲल्युमिनियम त्यात झपाट्याने खाल्लं जातं. जुन्या गाड्यांत इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली पट्टी हिरवी पडलेली असते. ती बदला, जागा घासून स्वच्छ करा. विजेवर चालणारा जादा पंखा लावला असेल तर त्याची अर्थिंग रेडिएटरला कधीही देऊ नका, सरळ बॅटरीकडे न्या. रबरी माउंटचा दुसरा फायदा इथे मिळतो: विजेच्या दृष्टीने रेडिएटर बॉडीपासून अलग राहतो. स्टेनलेसचे बोल्ट थेट ॲल्युमिनियमला लावू नका. खाऱ्या ओलाव्यात त्या दोघांचं पटत नाही आणि झीज ॲल्युमिनियमची होते, मध्ये नायलॉनचा वॉशर तरी घाला.

विहिरीचं पाणी तर नकोच. आपल्या जांभ्याच्या पाण्यात लोह असतं, आणि ब्लॉक आधीच लोखंडी. डिस्टिल्ड पाणी आणि ॲल्युमिनियमसाठीचा कूलंट, एकाच प्रकारचा, दोन रंग मिसळून नाही.

पंखा, होज, हवा

रबरावर बसवलेला रेडिएटर थोडा हलतो आणि इंजिनही हलतं. पद्मिनीचं इंजिन लांबीच्या दिशेने बसलेलं, पंखा पुढे वॉटर पंपावर. जोरात ब्रेक मारला की इंजिन पुढे झेपावतं, आणि त्याचे रबर गेलेले असतील तर जास्तच. पंख्याच्या पात्यात आणि कोअरमध्ये २५ मिलिमीटर अंतर ठेवा. खात्री हवी असेल तर कोअरच्या बाजूच्या पट्टीवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा उभा गोळा लावा, एक चक्कर मारून या आणि गोळा किती दबला ते बघा. होज आखूड आणि ताणलेला नसावा, त्यात एक बाक हवाच.

नवा रेडिएटर जुन्यापेक्षा अरुंद असेल तर बाजूच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा. हवा आळशी असते, कोअरमधून जाण्याऐवजी फटीतून निघून जाते, आणि मग लोक उगाच मोठा पंखा घालतात. झाकण मात्र गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दाबाचंच. रेडिएटरबरोबर आलेलं जास्त दाबाचं झाकण जुन्या होजवर आणि हीटरच्या नळ्यांवर ताण आणतं.

मी हे सगळं फेब्रुवारीत केलं. मेमध्ये चोर्ला दोनदा चढलो, एकदा भर दुपारी, केरीपासून वरपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही आणि खाली उतरल्यावर बैठका कोरड्या. पावसाळाभर गाडी चालली. चतुर्थीआधी रेडिएटर मुद्दाम उचलून बघितला. वेल्डच्या कडा स्वच्छ, चीर नाही. डाव्या बैठकीत मात्र लाल चिखल घट्ट बसला होता आणि रबराखाली पाणी साचून रंग फुगला होता, कारण तळाची भोकं मी सहा मिलिमीटरची पाडली होती आणि ती तुंबली. आता ती दहाची केली आहेत, आणि त्या बाजूला चाकाकडून उडणारा चिखल अडवायला रबराची एक झडप लावली आहे. तुम्ही करणार असाल तर पहिल्यापासून दहाचीच पाडा.